तुमची पट्टी, माझी पट्टी

अहो, काल मागच्या खोलीचं कुलूप काढलं.

तुम्ही गेल्यावर घर माणसांनी भरलेलं होतं. दिवसकार्य झालं, पाहुणे गेले, मग आपला विवेकही परदेशी परत गेला. त्यानंतर मी रोज सकाळी किल्ली हातात घेत होते आणि पुन्हा खुंटीला लावत होते. काल मात्र आत गेले. मशीनवर तुम्ही टाकलेली जुनी चादर तशीच होती. तिच्यावर धूळ साचली होती, पण खाली स्क्रू स्वच्छ होते आणि तेलानं चमकत होते. म्हणजे दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशीही तुम्ही ते पुसले होते. मला म्हणाला होता, जरा पडतो.

लोक सांगतात, त्यांच्याविषयी लिहून ठेवा, नातवंडांना होईल. जन्म कुठला, शिक्षण काय, नोकरी किती वर्षं. ते सगळं विवेकला ठाऊक आहे, तो मुलांना सांगेल. मला तुमच्याशी बोलायचं आहे. मुलांनी वाटलं तर शेजारी बसून ऐकावं. ईशाला मराठी वाचता येतं, अडखळत का होईना. रोहनला अजून येत नाही. म्हणून मी सोपं लिहिणार आहे, आणि मधे मधे त्यांच्यासाठी थोडं समजावून सांगणार आहे. तुम्ही म्हणाल, झाली शाळा सुरू. म्हणा.

विवेकचं तिकडे जायचं ठरलं तेव्हा ईशा नुकती चालायला लागली होती. ती तुमच्या गुडघ्याला धरून उभी होती आणि तुम्ही माझ्यावर चिडला होता, जसं काही मीच त्यांना पाठवत होते.

"तिकडं हिला क, ख, ग कोण शिकवणार?"

"मी पुस्तकं पाठवीन," मी म्हटलं.

"पुस्तक फाटतंय. लाकूड फाटत न्हाय."

एरवी घरात माझ्यासाठी तुम्ही 'नाही' म्हणायचा. 'न्हाय' आलं की मी समजायची, आता बोलण्यात अर्थ नाही. बेळगावच्या इंग्रजी शाळेत शिकून आलेल्या मला तुमच्या त्या 'न्हाय'ची सवय व्हायला बराच काळ लागला होता.

दुसऱ्या रविवारी तुम्ही अंगणात बसून पेटी करायला घेतली. शिवणीच्या लाकडाची, उथळ, एका अक्षराला एक खण. अ पासून ज्ञ पर्यंत सगळ्यांना जागा. तुमची हत्यारं कारखान्यात होती, म्हणून घरातलं जे मिळेल ते घेतलंत: शेजाऱ्यांचं पटाशी-रंधा, आणि मापाला मी शाळेत शिकवताना वापरायची ती पट्टी. त्या पट्टीवर मागं माझं नाव लिहिलेलं होतं. भूमितीच्या तासाला मुली पट्ट्या पळवतात म्हणून. तुम्ही म्हणाला, "हेडबाईंचं नाव आहे, म्हणजे माप चुकायची सोय नाही."

ती पेटी मी नंतर कितीदा तरी काढून बघितली. प्रत्येक खण पाच सेंटिमीटरचा चौकोन, आणि वर केसभर मोकळीक. कोपऱ्यात कुठे फट नाही. बोट फिरवलं तर सांधा लागत नाही. मी म्हटलं, आता अक्षरं कधी? तुम्ही म्हणाला, रिटायर झालो की निवांत. घाई कशाची, ती अजून बोलत पण नाही.

तुम्ही रिटायर झालात, कारखान्यातली तुमची हत्यारांची पेटारी घरी आली, आणि त्याच पावसाळ्यात उजवा हात थरथरायला लागला.

पहिल्यांदा मला बशीवरून कळलं. कप वाजत होता. तुम्हाला पटाशीवरून आधीच कळलं असणार, पण तुम्ही बोलला नाही. 'अ' कोरायला घेतला होता आणि त्याच्या पोटात पटाशी घुसली. तो तुकडा तुम्ही बंबात टाकलात. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, म्हणाले, वाढेल हळूहळू, पण त्याला काही नाव देऊन घाबरू नका. घरी येताना रिक्षात तुम्ही एवढंच म्हणालात, "हात गेला. डोकं आहे अजून."

इथे मुलांसाठी सांगते. तुमचे आजोबा फाउंड्रीत पॅटर्नमेकर होते. लोखंडाची जी वस्तू ओतायची, तिची आधी हुबेहूब लाकडी वस्तू करावी लागते. ती वाळूत दाबून काढून घेतात आणि राहिलेल्या पोकळीत वितळलेलं लोखंड ओततात. लाकूड जसं, तसं लोखंड होणार. त्यामुळे ज्याचा हात हलतो त्याला त्या कामात कोणी उभं करत नाही. आजोबांचा हात कधी हलला नव्हता. आपण कोण आहोत हे त्यांना त्या हातावरून ठाऊक होतं.

पुढची काही वर्षं ती रिकामी पेटी कपाटात राहिली. मी तिच्यात बटणं ठेवू का म्हणून विचारलं होतं, तर तुम्ही दिवसभर माझ्याशी बोलला नाहीत. ईशा तिकडे शाळेत जायला लागली. फोनवर ती 'आजोबा' म्हणायची तेव्हा 'ज' कुठून तरी दुसरीकडून यायचा. मग रोहन झाला. विवेक एकदा बोलता बोलता म्हणाला, बाबा, इथे लोक घरच्या घरी मशीन बनवतात, कॉम्प्युटर सांगेल तसं लाकूड कापणारं. तुम्ही फोन माझ्या हातात दिलात आणि मागच्या खोलीत जाऊन उभे राहिलात. मी गेले तर तुम्ही पावलांनी खोली मोजत होता.

कोल्हापुरात माणूस काही बनवायला निघाला की त्याला एक जोडीदार मिळतोच. तुम्हाला महादबा मिळाले. तुमच्याच कारखान्यात लेथवर होते, तुमच्या मागोमाग रिटायर झालेले, घरी सुनेला नकोसे झालेले, असं ते स्वतःच सांगायचे. सकाळी फाटकातूनच आवाज यायचा.

"वैनी, च्या हाय का न्हाय? न्हाईतर अण्णा मला नुसतं लाकूड खायला घालत्यात!"

लोखंडी चौकट, जुना कॉम्प्युटर, तीन मोटरी. एक मोटर टेबलाला पुढे-मागे नेणार, दुसरी कापणाऱ्या डोक्याला डावी-उजवीकडे, तिसरी खाली-वर. मोटर फिरली की तिला जोडलेली लांब आट्यांची सळई फिरते, सळईवर नट पुढे सरकतो आणि नटाबरोबर सगळं सरकतं. सळया तुम्ही उद्यमनगरातून आणल्या, साध्या, छताला चॅनेल टांगायला वापरतात त्या. महादबा म्हणाले, आटा तो आटा. तुम्हीही मान डोलावलीत.

पहिलं अक्षर कापलं ते ठ. का, तर सगळा गोल आहे, मशीनची परीक्षा होईल. एका भंगार फळीवर कापलं. तुम्ही भुसा फुंकून फळी माझ्यापुढे धरलीत. मी शिक्षिका, खोटं कसं बोलणार?

"हा ठ आहे की चेपलेला वडा?"

महादबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. तुम्ही हसला नाही. त्या ठ ला चारी बाजूंनी, वर, खाली, डावीकडे, उजवीकडे, चपटे भाग होते. तुम्ही माझा हात धरून टेबलावर ठेवलात आणि म्हणालात, आता ढकल. मी ढकललं. टक. मागं ओढलं. पुन्हा टक. सळईच्या आट्यात आणि नटात केसभर ढील होती. मोटर दिशा बदलायची तेव्हा आधी ती ढील भरून काढायची आणि तेवढा वेळ टेबल जागचं हलायचं नाही. तिथे गोल चपटा. तुमचा हात माझ्या हातावर होता, थरथरत, आणि तुम्ही म्हणालात, "माझ्यासारखंच हाय हे बी."

तुम्ही त्या ढिलेवर बरेच उपाय केलेत. दोन नट एकमेकांवर आवळले, तर मोटर अडखळली. ग्रीस भरलं, तर त्यात भुसा बसून काळा चिखल झाला. शेवटी विवेकला सांगितलंत. तो म्हणाला, बाबा, सळया काढून टाका, बॉल स्क्रू लावा. त्यात नटाच्या आत छर्रे असतात, ते आट्यातून घरंगळत जातात, ढील नसते. मी सुट्टीला येताना आणतो.

आणि त्यानं आणले. बॅगेत तिरके बसवून, रोहनच्या लोकरी टोप्यांत गुंडाळून. विमानतळावर त्याला बाजूला घेऊन विचारलं, हे काय आहे? तो म्हणाला, माझ्या वडिलांच्या लाकडी अक्षरांसाठी आहे. त्यांना काही कळलं नाही, पण सोडलं. ही हकिकत तुम्ही नंतर दुधवाल्यालाही सांगायचा.

जाताना विवेकनं बजावलं होतं, नट स्क्रूवरून काढू नका. तुम्हालाही, महादबांनाही. तो गेल्याच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही कपड्यांच्या दुकानात निघालात आणि महादबा एकटे आत बसले.

मी भाजी निवडत होते. आतून असा आवाज आला, जणू कोणी साबुदाण्याची पिशवी फोडली.

"वैनी," महादबा दारात उभे, हातात मोकळा नट, "पाव्हणं आल्यात."

छर्रे खोलीभर पसरले होते. कपाटाखाली, उंबऱ्याच्या फटीत, चपलेत.

"काढू नका म्हणून सांगितलं होतं ना विवेकनं?"

"आत काय हाय बघावं म्हटलं की. मानूस हाय मी, वैनी."

आम्ही दोघांनी झाडू आणि तुमचं चुंबक घेऊन सगळे गोळा केले. मी ते पीठ चाळायच्या चाळणीत धुऊन पुसले. तुम्ही आलात, चाळण बघितलीत, महादबांकडे बघितलंत, आणि पाटावर बसून चिमट्यानं एकेक छर्रा आत भरायला लागलात. तुमच्या हातून ते निसटत होते. मग मी बसले. तुम्ही ग्रीस लावलंत, मी छर्रा टेकवला, असं करत नट भरला. त्या दुपारी आपण फारसं बोललो नाही. ती दुपार मला फार आवडली होती. हे तुम्हाला सांगायचं राहिलं.

आणखी एक राहिलंय, आणि ते भांडण मी सोडलेलं नाही. मी म्हणत होते, खाली-वर जाणाऱ्याला तरी जुनी सळई राहू द्या. ती आखडू असली तरी डोकं धरून ठेवते. नवा स्क्रू इतका मोकळा की मोटरीचा करंट गेला की डोकं आपल्या वजनानं खाली येतं. आपल्याकडे रोज लोडशेडिंग. आणि पहिल्याच दिवशी लाईट गेली आणि डोकं सावकाश खाली येऊन 'ग' च्या छातीत रुतलं. तुम्ही काय केलंत? जुन्या तराजूचं लोखंडी वजन आणून कप्पीवरून मागे लटकवलंत. म्हणालात, आता ते उचलून धरेल, पण मागं जायचं नाही. मी अजूनही म्हणते, सळई ठेवायला हवी होती.

नव्या स्क्रूवर पहिला ठ आला तेव्हा मशीनचा आवाजच वेगळा होता. आधी ते खडखडायचं, आता गुणगुणल्यासारखं. तुम्ही ठ च्या कडेवरून बोट फिरवलंत. एकदा, पुन्हा एकदा. बोट थरथरत होतं, पण कड गोल होती. तुम्ही महादबांना म्हणालात, "आता ढील नाही. आता मोजण्यात अर्थ आहे."

तिथेच घोळ झाला.

विवेकनं लिहून दिलं होतं, स्क्रूच्या एका फेऱ्याला पाच मिलिमीटर, त्यावरून अमुक आकडा कॉम्प्युटरला द्या, म्हणजे किती फिरलं की किती सरकतं ते त्याला कळेल. जुन्या सळयांच्या वेळी तुम्ही त्यानं दिलेला आकडा मुकाट्यानं घेतला होता. आता नाही. "कागदावरचं पाच मला कोण सांगणार? मी मोजल्याशिवाय घेत नाही." तुम्ही पेटारीतून तुमची पोलादी पट्टी काढलीत, कारखान्यात जन्मभर वापरलेली, अंगठ्यानं घासून कडा गुळगुळीत झालेली. टेबल तीस सेंटिमीटर न्यायला लावलंत. तुमच्या पट्टीवर ते थोडं कमी भरलं. तुम्ही हिशेब केलात आणि नवा आकडा सांगितलात. टाइप मी केला, कारण तुमच्या बोटाखाली एक कळ दोनदा पडायची.

मग पहिल्यांदा नुसतं अक्षर न कापता पूर्ण ठोकळा कापला, पाच सेंटिमीटरचा चौकोन आणि त्यावर उठावाचा 'अ'. तुम्ही कपाटातून पेटी काढलीत. इतकी वर्षं थांबलेला पहिला खण. ठोकळा ठेवलात आणि दाबलात.

बसला नाही.

दुसरा कापला. नाही. आडवा करून बघितला, नाही. थोडासाच मोठा, पण बसेना.

महादबा म्हणाले, "ह्यो कॉम्प्युटरच खुळा हाय." मग नटाकडे बघत म्हणाले, "छर्रे कमी पडलं असतील का ओ अण्णा? माझ्या हातनं?" तुम्ही पुन्हा सगळं खोललंत, पुन्हा भरलंत. तसंच. मग तुम्ही विवेकला फोन लावलात आणि म्हणालात, तुझ्या स्क्रूंच्या आट्यात खोट आहे. मग तो म्हणाला, बाबा, मी ते स्वतः उचलून आणलेत. तुम्ही म्हणालात, उचलून आणलं म्हणून आटा बरोबर होत नाही. फोन ठेवलात. घरात दोन दिवस कोणी नीट जेवलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन आले तर तुम्ही मागच्या पायरीवर बसला होता. मांडीवर पेटी. हातात पटाशी.

"काय करताय?"

"खण मोठे करतो."

माझ्या हातातला चहा तसाच राहिला. तुमची शेवटची हातानं केलेली वस्तू होती ती. त्या हातानं तुम्ही तिच्यात पटाशी घालणार होता.

"का?"

"स्क्रू बरोबर असतील, कॉम्प्युटर बरोबर असेल, तर राहिलं काय? खण चुकलेत. म्हणजे तेव्हाच माझा हात गेला होता. आणि मला कळलं नाही." मग तुम्ही माझ्याकडे न बघता विचारलंत, "आता डोकं पण जातंय का ग माझं?"

तुम्हाला कदाचित वाटलं असेल की मी उत्तर टाळलं. नाही म्हणाले असते तर तुम्ही म्हणाला असता, हेडबाई, पुरावा दाखवा. म्हणून मी आत गेले आणि माझी पट्टी घेऊन आले. खण माझ्या पट्टीनं मोजलेले होते, तेव्हा ते तपासायचे तर तिनंच तपासायचे, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

पहिला खण मोजला. पाच, आणि वर केसभर. दुसरा, तिसरा. शेवटच्या ओळीतला मोजला. सगळे तसेच.

"खण बरोबर आहेत," मी म्हटलं.

"आण इकडं तो ठोकळा." तुम्ही तुमच्या पट्टीनं मोजलात. "हा पण पाचच आहे."

मी माझ्या पट्टीनं मोजला. पाचाच्या थोडा पुढे.

"तुमची पट्टी चुकलीय."

"माझी? बाई, ही पट्टी घेऊन मी अख्ख्या जिल्ह्याचे पंप केले. तुझी मुलींनी खाल्लेली आहे."

"मग लावा दोन्ही शेजारी."

पायरीवर दोन्ही पट्ट्या ठेवल्या. शून्याला शून्य लावलं. दहापाशी थोडा फरक. वीसपाशी जास्त. तीसपाशी तुमची रेघ माझ्या रेघेच्या सरळ पुढे निघून गेली होती.

तुम्ही तुमची पट्टी उचललीत. उलटी केलीत. कोपऱ्यावर काहीतरी कोरलेलं होतं, ते घासून गेलं होतं. त्यावरून अंगठा फिरवलात. मग पट्टी मांडीवर ठेवलीत, आणि मला वाटलं तुम्ही रडताय, पण तुम्ही हसत होता. आवाज न करता, खांदे हलत होते.

"श्रिंकेजची पट्टी," तुम्ही म्हणालात. "महादबा आला की सांगू नकोस. गावभर करेल."

मुलांनो, हे नीट ऐका, हे आजोबांनीच मला त्या पायरीवर सांगितलं. वितळलेलं लोखंड थंड होताना आकसतं. म्हणून लाकडी पॅटर्न थोडा मोठा करावा लागतो. दर वेळी हिशेब कोण करणार? म्हणून पॅटर्नमेकरची पट्टीच तेवढी लांब बनवलेली असते. तिच्यावर तीस लिहिलेलं असतं, पण ती तिसापेक्षा थोडी जास्त असते. त्या पट्टीनं मोजत गेलं की प्रत्येक वस्तू आपोआप लोखंडासाठी मोठी होते. आजोबांनी ती इतकी वर्षं हातात धरली की ती वेगळी आहे हेच ते विसरले. त्यांच्यासाठी तीच पट्टी होती.

"सगळा जन्म लाकूड मोठं केलं," तुम्ही म्हणालात, "आता कुठं लोखंड ओतायचंय मला?"

चहा गार झाला होता. तो तुम्ही तसाच प्यालात. मग आत येऊन म्हणालात, टाइप कर. माझ्या पट्टीनं पुन्हा मोजलंत. आकडा विवेकच्या आकड्याला जाऊन मिळाला. तुम्ही फोन केलात, आणि माफी मागणं तुमच्या स्वभावात नसल्यामुळे एवढंच म्हणालात, "तुझे स्क्रू बरोबर आहेत." विवेकनं विचारलं, आणि आकडा? "तो पण," तुम्ही म्हणालात, आणि फोन रोहनला द्यायला सांगितलंत.

महादबांना मीच सांगितलं. नवऱ्याची प्रत्येक गोष्ट ऐकायची नसते. त्यांनी खरोखरच गावभर केली, पण त्यांच्या सांगण्यात छर्ऱ्यांचा भाग नव्हता.

त्यानंतरचे महिने मला आठवतात ते भुशाच्या वासाचे. लाईटच्या वेळा स्वयंपाकघरात लिहून ठेवल्या होत्या आणि त्याप्रमाणे मी कुकर लावायची, तुम्ही मशीन लावायचा. आकडे मी घालायची, फळी महादबा आवळायचे, तुम्ही शेजारी उभे राहून ऐकायचा. अक्षर कापून झालं की पॉलिशपेपर घेऊन बसायचा. त्या कामात हाताची थरथर आडवी येत नव्हती. तुम्ही म्हणायचा, बघ, फुकटची मोटर. अ ते अः झाले. मग क ची ओळ, च ची ओळ. प्रत्येक ठोकळा खणात बसताना हवा बाहेर पडल्याचा बारीक आवाज यायचा आणि तुम्ही दर वेळी माझ्याकडे बघायचा. मी दर वेळी मान हलवायची. एवढंच. तेव्हा वाटायचं, हे असंच चालणार आहे.

शेवटची ओळ राहिली होती तेव्हा तुमच्या छातीत पाणी झालं.

दवाखान्यातलं मी फार लिहिणार नाही. मुलांना ते नको. पण एक लिहायलाच हवं. त्या दिवशी सकाळी तुम्ही शुद्धीत होता. विवेक विमानात होता. तुम्ही मला जवळ बोलावलंत आणि विचारलंत, "बसली का सगळी?"

मला कळलं कशाबद्दल. मी म्हटलं, "बसली."

"घट्ट?"

"घट्ट."

तुम्ही डोळे मिटलेत. तुमचा हात माझ्या हातात होता, आणि तो त्या वेळी थरथरत नव्हता. दुपारी तुम्ही गेलात.

लोक मला विचारतात, शेवटचं काही बोलले का? मी सांगते, नाही. कारण शेवटचं ते माझं बोलणं होतं, आणि ते खरं नव्हतं; तीन खण अजून रिकामे होते. तुम्हाला खोटं चालत नव्हतं. माझ्या पट्टीवर भरवसा ठेवून तुम्ही डोळे मिटलेत. हे मला तुम्ही गेल्यापासून काही सुचू देत नव्हतं. विवेक जाताना म्हणाला, आई, पेटी नेऊ का, आहे तशी? मी म्हटलं, आत्ता नको. तो म्हणाला, मशीनचं काय करायचं, विकूया? मी त्याला जेवायला वाढलं.

म्हणून काल कुलूप काढलं. महादबांना निरोप पाठवला. ते आले, फाटकातून ओरडले नाहीत. दारात उभे राहून चपला काढल्या, जसं देवळात.

"वैनी, तुमाला येतंय का सगळं?"

"आकडे तर मीच घालत होते."

"व्हय की," ते म्हणाले. "ते बी खरंच."

फळी त्यांनी आवळली. मी चादर काढली, कॉम्प्युटर लावला. ळ, क्ष, ज्ञ. तेवढेच राहिले होते. मशीन गुणगुणायला लागलं आणि महादबा भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मी मात्र बघत होते. तुमच्या जागी उभी राहून बघत होते, डोकं कसं जातं, कुठे वळतं. वळताना कुठेही थांबत नव्हतं. ळ ची दोन्ही पोटं गोल आली.

मग पॉलिशपेपर. तुम्ही किती घासायचा ते मला ठाऊक नव्हतं, कारण तुम्ही हातानं ओळखायचा. मी थोडं घासलं, बघितलं, पुन्हा घासलं. ळ बसला. क्ष बसला. ज्ञ एका कोपऱ्याला अडला. महादबा म्हणाले, ठोकू का? मी म्हटलं, हात लावायचा नाही. तो कोपरा मी हळूहळू उतरवला. माझाही हात आता काही पूर्वीसारखा नाही. पण बसला.

पेटी मी उलटी केली आणि हलवली. एकही अक्षर पडलं नाही. अहो, घट्ट आहेत. सगळी.

पार्सल आज गेलं. ईशा आता मोठी झाली, तिला अक्षरांच्या पेटीची गरज नाही, पण ती रोहनला शिकवेल असं तिनं फोनवर कबूल केलंय. रोहननं विचारलं, एखादं हरवलं तर आजोबा रागावतील का? त्याला अजून नीट कळलेलं नाही. मी म्हटलं, नाही रागावणार. हरवू दे. कुठलं ते फक्त मला कळव. आजीला आता कापता येतं.